मंद वेगात सांध्याचा लुअर वारंवार कुशीवर का पडतो?

चालत्या होडीमागे वीस-पंचवीस मीटर दोरा सोडून कृत्रिम मासा, म्हणजे लुअर, ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. त्यासाठी मधोमध सांधा असलेला, दोन तुकड्यांचा लुअर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला एक तक्रार कधी ना कधी येतेच. होडीच्या कडेला धरून पाहिला तर लुअर उत्तम वळवळतो, दोरा सोडल्यावरही पहिली काही मिनिटे रॉडचे टोक नीट थरथरते, आणि मग केव्हातरी ती थरथर थांबते, दोरा वर येऊ लागतो, आणि मागे पाहावे तर लुअर पाण्याच्या पृष्ठभागावर कुशीवर पडून फरफटत येत असतो. ओढून घेतला, झटकला आणि पुन्हा सोडला की थोडा वेळ ठीक चालतो. त्यानंतर पुन्हा तेच.

या दोषाची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांसारखी दिसतात, म्हणून तो दुरुस्त झाल्यासारखा वाटतो आणि परत येतो. माझा अनुभव मुख्यतः पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयाचा आहे. तेथे मला होडीतून नेणारे भोई समाजातील एक ज्येष्ठ मच्छीमार आहेत. मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला सर म्हणतात. मराठवाड्यातील बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे संस्थेला विचारल्याशिवाय रॉड घेऊन पाण्यात उतरू नये, हे आधीच सांगतो. पैठणच्या नाथसागराची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते पाणी १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्यात मोडते, आणि हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात, तेथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात.

आणखी एक गोष्ट दोष शोधण्यापूर्वीच स्पष्ट असावी. आपल्या जलाशयांत मत्स्यबीज सोडून वाढवलेले मासे प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ असतात. कटला पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून खातो, रोहूचा भर वनस्पतिजन्य खाद्यावर असतो आणि मृगळ तळाशी चरतो. लुअरमागे धावणारे हे मासे नव्हेत. ट्रोलिंगला प्रतिसाद देतो तो वालागो अट्टू या शास्त्रीय नावाचा, रुंद जबड्याचा, बिनखवल्यांचा शिकारी मासा, ज्याचे स्थानिक नाव दर दोन तालुक्यांना बदलते. क्वचित मरळही लागते, पण मरळ झुडपांच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते, म्हणून तिच्यासाठी काठावरून टाकलेला लुअर अधिक बरा. तात्पर्य, तीन तासांत एकही मासा लागला नाही म्हणून लुअर बिघडला आहे असा निष्कर्ष काढू नये. बिघाड कळतो तो रॉडच्या टोकावरून.

लुअर नीट चालत असेल तेव्हा टोकाची थरथर बारीक आणि एकसारखी असते. ती एकदम बंद पडली आणि ओढ जड झाली, तर गळात शेवाळ किंवा काडी अडकलेली असते. थरथर बंद पडून ओढ हलकी झाली, तर बहुधा शेपटीचा गळ पुढच्या गळात किंवा दोऱ्यात अडकून लुअर दुमडलेला असतो. थरथरीऐवजी थांबून थांबून हिसके बसू लागले आणि दोऱ्याचा पाण्याशी होणारा कोन उथळ झाला, तर लुअर उलटत आहे. हे तीन प्रकार हाताला वेगवेगळे ओळखू येईपर्यंत रॉड होल्डरमध्ये खोचून ठेवण्याऐवजी हातात धरावा, असा माझा आग्रह आहे. होल्डर सोयीचा असतो, पण शिकवत काहीच नाही.

वेग: होडीचा आणि पाण्याचा

लुअरच्या तोंडाखाली जी तिरपी पारदर्शक जीभ असते तिला लिप म्हणतात. पुढे जाताना पाणी लिपवर आदळते, लुअरचे नाक खाली दाबले जाते आणि लिपच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटू लागतात. या भोवऱ्यांमुळे लुअर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकतो. अखंड अंगाच्या लुअरला हे सगळे शरीर एकदम हलवावे लागते, म्हणून त्याला काही किमान वेग लागतो. सांध्याच्या लुअरमध्ये पुढचा अर्धा भाग हलला की मागचा अर्धा भाग त्याच्यामागे झोके घेतो, त्यामुळे माणसाच्या चालण्याच्या वेगाच्या निम्म्यानेही तो जिवंत दिसतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड होते, माशाची हालचाल मंदावते आणि तो भरधाव भक्ष्यामागे धावत नाही, तेव्हा हाच गुण उपयोगी पडतो. मात्र त्याची किंमतही आहे. वेग वाढला की शेपटी एका बाजूला गेलेली असतानाच पुढचा झोका येतो, दोन्ही भागांचा ताल चुकतो आणि लुअर आडवा होतो. माझ्याकडील नऊ ते तेरा सेंटिमीटरचे लुअर ताशी दीड ते अडीच किलोमीटर या वेगात उत्तम चालतात आणि तीनच्या पुढे बिनभरवशाचे होतात. प्रत्येक नमुन्याची मर्यादा वेगळी असते, ती आपली आपण शोधावी.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी दोनवरून तीन किलोमीटरवर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर लिपवरील दाब सव्वादोनपट होतो. दोनला छान चालणारा लुअर तीनला का कोलमडतो याचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे मला मामांनी दिले. पहिल्या हिवाळ्यात मी फोनवरील जीपीएसचा वेग पाहत असे. तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा सुमारे अडीच दाखवत होता, म्हणून वेगाचा संशय मी बाजूला ठेवला आणि पक्कड घेऊन लुअरच्या नाकावरील कडी वाकवत बसलो. दोन चांगले लुअर त्यात कायमचे बिघडले. तिसऱ्या वेळी मामा वल्ही थांबवून म्हणाले, “सर, जाताना त्ये चांगलं चालतंय. वारं तोंडावर आलं की लोळतंय बघा.” मी दिशेची नोंद कधी ठेवलीच नव्हती. त्यानंतर ठेवली, आणि खरोखरच जवळजवळ प्रत्येक बिघाड वाऱ्याच्या विरुद्ध जाताना झालेला निघाला.

जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग मोजते आणि लुअरला जमिनीशी काही देणेघेणे नसते. वाऱ्याने पृष्ठभागाजवळचे पाणी वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दोन ते तीन टक्के वेगाने सरकते. ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर पाण्याचा वरचा थर ताशी सुमारे अर्धा किलोमीटर वाहत असतो. फोन अडीच दाखवत असताना वाऱ्यासोबत जाणारी होडी त्या पाण्यातून प्रत्यक्षात दोनने जाते आणि वाऱ्याविरुद्ध जाणारी तीनने, म्हणजे वर सांगितलेला सव्वादोनपट दाबाचा फरक फोनच्या एकाच आकड्यामागे दडलेला असतो. खोलीबरोबर हा प्रवाह मंदावतो, त्यामुळे दोन मीटर खाली चालणाऱ्या लुअरला संपूर्ण फरक जाणवत नाही. तरी मर्यादेच्या काठावर असलेल्या लुअरला तेवढाही पुरतो.

पाण्यातून जाण्याचा वेग मोजण्याची रीत अगदी सोपी आहे आणि तिला फोनमधील घड्याळाखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. ज्वारीच्या ताटाचा वीतभर तुकडा थोडा वेळ पाण्यात भिजवून ठेवावा, म्हणजे तो अर्धा बुडून तरंगेल आणि वाऱ्याने पळणार नाही. होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, हात लांब करून तो पाण्यात टाकावा आणि वरामाशी, म्हणजे मागच्या टोकाशी, पोहोचायला किती सेकंद लागतात ते मोजावे. होडी पाच मीटर लांब असेल तर १८ ला त्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर ताशी किलोमीटरमध्ये असते. नऊ सेकंद लागले तर वेग दोन, बारा लागले तर दीड, सहा लागले तर तीन. चार मीटरच्या होडीसाठी १८ ऐवजी १४.४ घ्यावेत. मी वाऱ्यासोबत आणि वाऱ्याविरुद्ध असे तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढतो आणि मगच लुअर बांधतो. ताटाचे तुकडे शेतातून फुकट मिळतात आणि हरवले तरी दुःख होत नाही.

येथवर सरासरी वेगाची गोष्ट झाली. वल्हवलेल्या होडीत त्याहून त्रासदायक असतो तो हिसका. वारा समोर असला की वल्हवणारा माणूस साहजिकच लांब आणि जोराचे हात मारतो. प्रत्येक हाताला होडी पुढे झेपावते आणि दोन हातांच्या मध्ये वारा तिला जवळजवळ थांबवतो. समजा सरासरी सव्वादोन असेल, तर वेग क्षणात साडेतीन आणि क्षणात एक असा झुलत असतो. फोन काही सेकंदांची सरासरी दाखवत असल्याने हा झोका त्याच्या पडद्यावर दिसत नाही. अखंड अंगाचा लुअर हे सहन करतो. सांध्याच्या लुअरची शेपटी मात्र मंद क्षणी सैल पडते आणि झेपेच्या क्षणी ताठ ओढली जाते. त्या वेळी ती मध्यरेषेत नसेल तर सगळा लुअर कुशीवर वळतो. येथे दोऱ्याचाही वाटा असतो. ब्रेडेड, म्हणजे अनेक धाग्यांचा विणलेला, दोरा जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे वल्ह्याचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा लुअरपर्यंत पोहोचतो. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, ताणला जातो आणि हिसका पोटात घालतो.

म्हणून मी दोन बदल केले. मामांना विनंती करून लांब हातांऐवजी आखूड आणि जलद हात मारायला लावले, आणि ब्रेडेड दोऱ्याच्या पुढे दहा-बारा मीटर तंगूस जोडला. दोन्हींचा परिणाम त्याच दिवशी दिसला. ब्रेडेड दोऱ्याचा कैवार घेणारे म्हणतील की तंगुसामुळे थरथर हाताला कमी जाणवते. ते खरे आहे. पण उलट्या पडलेल्या लुअरची थरथर ब्रेडमधूनही जाणवत नाही.

इंजिनाच्या होडीत हिसका नसतो, पण इंजिन सगळ्यात मंद ठेवले तरी वेग कित्येकदा ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली उतरत नाही. त्यावर उपाय म्हणजे ओढ वाढवणे. प्लास्टिकची एक मजबूत बादली, जाड दोर बांधून, होडीच्या मध्यावरून पाण्यात सोडावी. एकीने भागले नाही तर दुसऱ्या बाजूने आणखी एक. वरामावरून सोडली तर ती पंख्यात किंवा आपल्याच दोऱ्यात गुंतते. बादलीची कडी पहिल्या तासात निखळते, म्हणून दोर बादलीच्या बुडाखालून घेऊन बांधावा, ही शिकवण मला एका निळ्या बादलीच्या मोबदल्यात मिळाली.

दोरा सोडताना होणारी चूक

लुअर दोरा सोडल्यानंतर लगेचच दुमडलेला आढळत असेल तर वेगाकडे पाहण्याचे कारण नाही. दोष सोडण्याच्या पद्धतीत आहे. उभ्या होडीतून लुअर पाण्यात टाकून रील मोकळे सोडले की दोरा सैल पडतो, लुअर उलटापालटा होत मागे जातो आणि सांध्यावर दुमडून शेपटीचा गळ पोटाच्या गळात किंवा दोऱ्यात अडकतो. अखंड लुअरला दुमडायला जागाच नसते, म्हणून त्याची सवय असलेल्यांच्या हातून ही चूक हमखास होते. आधी होडी नेहमीच्या वेगाला आणावी, लुअर कडेला धरून चालतो आहे याची खात्री करावी, आणि मग रीलवर अंगठा टेकवून दोरा इतका सावकाश सोडावा की थरथर एकदाही पूर्ण थांबू नये. पंचवीस मीटर सोडायला दीड-दोन मिनिटे लागली तरी चालतील.

वळणावरही हेच घडते. होडी झटकन वळवली तर आतल्या बाजूचा दोरा सैल होतो, तरंगणारा लुअर वर येतो, दोरा पुन्हा ताणला जातो तेव्हा तो दुमडतो. वळण मोठे घ्यावे, एखाद्या शेताला वळसा घालावा एवढे. दोन रॉड लावलेले असतील तर वळण हीच वेगाची परीक्षाही आहे, कारण वळताना आतला लुअर मंदावतो आणि बाहेरचा जलद होतो. बाहेरचा नेहमी उलटतो आणि आतला नीट चालतो असे दिसले, तर आपण सरळ जातानाही मर्यादेच्या फार जवळ चाललो आहोत. मासा वारंवार आतल्याच रॉडला लागत असेल, तर तोही वेग कमी करण्याचाच इशारा आहे.

सांधा, गळ आणि कडी

दिशा कोणतीही असो, वारा असो वा नसो, लुअर नेहमी एकाच बाजूला झुकून वर येत असेल, तर दोष लुअरमध्ये किंवा तो बांधण्यात आहे. येथे तपासण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जे पूर्ववत करता येते ते आधी आणि जे येत नाही ते शेवटी, या क्रमाने जावे.

प्रथम गाठ पाहावी. दोरा लुअरच्या कडीला घट्ट आवळून बांधलेला असेल तर गाठ कडीवर एका बाजूला सरकून तेथेच रुतून बसते आणि लुअर त्या बाजूला ओढला जातो. सुरुवातीला गाठ मध्यावर असते, काही मिनिटांनी सरकते. “दहा मिनिटे चांगला चालतो, मग बिघडतो” या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच असते. गोल तोंडाचे छोटे स्नॅप, म्हणजे उघडमीट होणारी तारेची कडी, लावावे किंवा सैल फासाची गाठ मारावी, म्हणजे लुअर फासामध्ये मोकळा डुलतो. स्विव्हल, म्हणजे पीळ टाळणारी फिरती कडी, थेट नाकाला लावू नये. मंद वेगात त्याचे वजन नाक खाली खेचते आणि लुअर सुस्त होतो. ते अर्धा-पाऊण मीटर पुढे असावे. पोलादी तारेचा लीडर, म्हणजे दोरा आणि लुअर यांच्यामध्ये जोडलेला तुकडा, तर काढूनच टाकावा. वालागोचे दात बारीक आणि दाट असतात, जाड तंगुसाचा लीडर त्याला पुरतो, आणि तारेमुळे मंद वेगातील सगळी वळवळ मरते.

मग सांधा. पुढच्या तुकड्याला बोटांत आडवे धरून शेपटी डावीकडे आणि उजवीकडे झुलवावी. दोन्हीकडे ती सारखीच आणि अडखळल्याविना गेली पाहिजे. येलदरीच्या काळ्या मातीचा गाळ आणि केसासारखे शेवाळ सांध्याच्या दोन कड्यांमध्ये असे बसते की वरवर पाहता दिसत नाही. सुईने ते काढावे आणि गोड्या पाण्यात धुवावे. तेल लावू नये. त्याला गाळ अधिक चिकटतो. सांध्याची एखादी कडी स्क्रूसारखी शरीरात फिरवून बसवलेली असते, आणि मोठा मासा झगडला किंवा लुअर बुडालेल्या बाभळीच्या खुंटात अडकून ओढून काढला की ती पाव आटा फिरते. तेवढ्याने शेपटी तिरकी लोंबते. बारीक पकडीने ती मूळ जागी आणता येते, पण लाकडी लुअरमध्ये हे दोन-तीनदा केले की आटे ढिले पडतात.

मग गळ. आपल्याकडे लुअर विकत घेतला की त्याचे तीन टोकांचे गळ काढून अधिक मोठे आणि जाड गळ लावण्याची प्रथा आहे, कारण मूळ गळ नाजूक वाटतात. सांध्याच्या लुअरवर हा बदल फार महाग पडतो. शेपटीवर ग्रॅमभर वजन वाढले तरी मागचा तुकडा खाली झुकतो, आणि मोठ्या गळाची टोके पुढच्या गळापर्यंत पोहोचून त्यात अडकतात. मूळ आणि बदललेले गळ सोनाराच्या काट्यावर तोलून पाहिले तर फरक कळतो. माझ्या ओळखीच्या सराफाने हे काम हसत हसत करून दिले, दागिन्याच्या तबकात गळ ठेवायला मात्र नकार दिला. मूळ मापाचे पण चांगल्या पोलादाचे गळ लावावेत. तेही एकमेकांत अडकत असतील तर पोटाचा गळ काढून टाकावा आणि त्याच्या जागी तो अडकवलेली दुहेरी वेढ्याची कडी, म्हणजे स्प्लिट रिंग, रिकामी राहू द्यावी.

लुअर सकाळी चांगला असून उन्हे वर येईपर्यंत हळूहळू जड आणि आळशी होत असेल, तर प्लास्टिकच्या पोकळ अंगात पाणी शिरत आहे. कानाशी हलवून ऐकावे. आत आवाजासाठी घातलेले मणी खडखडतात, पाणी डुचमळते, दोन्हींतला फरक सहज कळतो. खात्री करायची असेल तर लुअर कोरडा करून हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवावा. आतली हवा प्रसरण पावते आणि जेथे फट आहे तेथून बुडबुड्यांची माळ निघते. तेथे खूण करून, आतले पाणी काढून, पूर्ण वाळवून एपॉक्सीचा बारीक थर द्यावा. थर जाड झाला तर पुन्हा तोल बिघडतो.

एवढे सगळे झाल्यावरच नाकावरील कडीला हात लावावा. लुअर नाक आपल्याकडे करून धरावा. पाण्यात आपल्याकडे येताना तो आपल्या उजवीकडे पळत असेल तर कडी किंचित डावीकडे वाकवावी, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी. कडी पिळू नये, फक्त वाकवावी. प्रत्येक वेळी होडीच्या कडेला दोन मीटर दोऱ्यावर, ज्या वेगाने खरोखर जायचे आहे त्या वेगाने, आणि मग त्याहून थोड्या अधिक वेगाने पाहावे. अधिक वेगातही तो सरळ चालला तर वाऱ्याच्या झोतासाठी थोडी गुंजाइश शिल्लक आहे असे समजावे.

या कामात अतिरेकाचाही धोका आहे. फिनलंडमधील लौरी रापाला यांनी १९३६ मध्ये कॉर्कपासून, म्हणजे बाटलीच्या बुचाच्या सालीपासून, आपला पहिला लुअर घडवला, चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदात तो गुंडाळला आणि छायाचित्रांच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा मुलामा त्याला दिला. त्यामागे त्यांचे निरीक्षण असे होते की शिकारी मासा थव्यातील सगळे सोडून किंचित वेडावाकडा पोहणाऱ्या माशावरच झडप घालतो. तेव्हा लुअर थोडासा भेलकांडतो म्हणून घाबरू नये. भेलकांडून तो मध्यरेषेवर परत येत असेल तर तो दोष नाही, गुण आहे. परत न येता कुशीवर पडून राहतो तेव्हाच पक्कड उचलावी.

पीळ आणि खोली

लुअर उलटून फिरू लागला की दोऱ्याला पीळ पडतो, आणि पीळ पडलेला दोरा पुढच्या वेळी चांगल्या लुअरलाही फिरवतो. त्यामुळे मूळ दोष गेला तरी लक्षण शिल्लक राहते आणि माणूस पुन्हा सगळे तपासत बसतो. लुअर आणि स्नॅप दोन्ही काढून नुसता दोरा होडीमागे पन्नास-साठ मीटर सोडून पाच-सात मिनिटे ओढावा. पीळ आपोआप उलगडतो. काठाजवळील पाणवनस्पतींत मात्र हे करू नये.

लुअर खुंटांना लागतो म्हणून दोरा आखूड करणारे पुष्कळ जण वेगही वाढवतात, या समजुतीने की वेगाने लुअर वर येईल. लिपच्या लुअरची खोली मंद वेगाच्या या पट्ट्यात वेगाने फारशी बदलत नाही. ती ठरते सोडलेल्या दोऱ्याच्या लांबीवरून आणि जाडीवरून. बारीक दोरा पाणी कमी अडवतो म्हणून लुअर खोल जातो, जाड दोरा त्याला वर ठेवतो. शिसे लावलेल्या दोऱ्याचे गणित उलटे असते. तेथे वेग कमी झाला की सगळेच खाली बसते, आणि येलदरीत फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागले की जुन्या शेतांचे बांध आणि बाभळीचे खुंट नेमके त्या खोलीवर येतात. त्या दिवसांत मी शिसे अजिबात लावत नाही.

इतके करूनही एखादा नवा कोरा लुअर पहिल्या दिवसापासून कोणत्याही वेगाला एकाच बाजूला पडत असेल, तर त्याला वरून नीट न्याहाळावे. नाकाची कडी, सांध्याच्या दोन कड्या आणि शेपटीची कडी एका सरळ रेषेत नसतील, किंवा लिपच तिरकी बसवलेली असेल, तर तो घडवतानाच चुकला आहे आणि घरी दुरुस्त होणार नाही. असा लुअर काहीही न वाकवता दुकानात परत न्यावा. माझ्या पहिल्या दोन लुअरपैकी एकाची लिप अशीच तिरकी निघाली होती, पण तोवर मी त्याची कडी चार वेळा वाकवली होती, आणि दुकानदाराने ती पाहूनच हात जोडले.